येते हं

१

पद्माकरांची बायपास झाल्यापासून आमच्या घरातली सकाळ गोळ्यांच्या डबीपासून सुरू होते. डबीला वारांची झाकणं आहेत. मी त्या दिवसाचं झाकण उघडून डबी त्यांच्यापुढे ठेवते, ते चष्म्यावरून तिच्याकडे संशयाने बघतात आणि शेवटी गोळ्या घेतात. आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना भूल देणारा डॉक्टर, पण स्वतःला औषध घ्यायची वेळ आली की लहान मूल होतो. मग उपमा, मग रस्त्याच्या टोकापर्यंत फेरी, मग ते खुर्चीत आणि मी स्वयंपाकघरात.

अशाच एका सकाळी मला नोकरीची ऑफर आली.

कंपनी इथलीच, ब्रॅकनेलमधली, बसने जाण्यासारखी. हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर करतात. मोठ्या खंडानंतर पुन्हा कामाला लागणाऱ्या बायकांसाठी त्यांनी जागा काढल्या होत्या. पुण्यात मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे, आणि चांगलं करायचे. मग लग्न, मग हा देश, मग तनिषा, मग पद्माकरांच्या नाइट ड्यूट्या. इथे येऊन मी काय केलं म्हणाल, तर शाळेत डिनर लेडी होते, म्हणजे दुपारी पोरांच्या ताटल्यांवर लक्ष ठेवायचं. तेही नंतर सुटलं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी सारा नावाच्या मॅनेजरने मला खिडकीजवळचं एक रिकामं टेबल दाखवलं. खाली राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, त्यात कौन्सिलने लावलेली पिवळी फुलं. "हे तुमचं असेल," ती म्हणाली. फार फार हवी होती मला ती नोकरी. त्या टेबलावर माझा मग कुठे ठेवायचा, हेसुद्धा मी परतीच्या बसमध्ये ठरवून टाकलं होतं.

मी पद्माकरांना सांगितलं. "अरे वा," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "तू ठरव."

आमच्या घरात 'तू ठरव' म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. 'बघू' म्हणजे नाही. 'बघू ना' म्हणजे मुळीच नाही. आणि 'तू ठरव' म्हणजे माझं ठरलंय, पण नाव तुझं लागू दे. तसे ते वाईट नाहीत. दिवसभर एकटं राहायची त्यांना भीती वाटत होती आणि ते बोलून दाखवायची लाज. म्हणून छातीवरच्या टाक्यांवर हात ठेवून ते 'तू ठरव' म्हणाले, आणि बाकीचं त्या हाताने सांगितलं. मला कळलं. मला नेहमीच कळतं, तीच तर रड आहे.

"नाही म्हणून टाकते," मी म्हणाले.

"बघ बुवा. तुझ्यावर आहे," ते म्हणाले आणि पेपर उलटला.

२

नकार ईमेलने कळवता आला असता. पण ऑफरचा फोन एचआरमधल्या कस्तुरीने केला होता. इथेच, स्लाऊमध्ये जन्मलेली मुलगी, माझं आडनाव वाचून तिने हौसेने मराठीत सुरुवात केली होती. एवढ्या आपुलकीने बोललेल्या मुलीला ईमेलवर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मी फोन लावला.

आता, सरळ नाही म्हणायला आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. पोट भरलं तर पानावर आडवा हात धरायचा, तोही हसत, आणि वाढणारीने त्या हाताखालून एक पोळी सरकवायची. फोनवरही मी आडवा हातच धरला.

"कस्तुरी, अगं तुम्ही सगळ्यांनी इतकं केलंत, मला खरंच फार आनंद झाला. एवढी चांगली संधी आली. पण घरचं तुला माहीत आहे, मिस्टरांची बायपास झालीय. नाहीतर मी उडी मारून आले असते. पुढेमागे बघू ना, नक्की. आणि साराला सांग, तिने ते टेबल दाखवलं ना, तेव्हापासून माझा जीव तिथेच आहे."

आता वाटतं, हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं.

"ओ, किती स्वीट," कस्तुरी म्हणाली. "माझा आई पण असाच बोलतो. खूप खूप बोलतो, मग मला कळत नाही, यस आहे की नो आहे." ती हसली. मीही हसले. इथे एक शब्द टाकायचा होता, बस. पण तेवढ्यात पद्माकरांनी पाण्यासाठी हाक मारली.

"बरं कस्तुरी, येते हं," मी म्हणाले.

फोन ठेवता ठेवता तिचा आवाज कानावर आला. "येते? लव्हली!"

त्या वेळी मला त्यात काही खटकलं नाही. निरोप घेताना जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तनिषा पहिल्यांदा शाळेत जायला लागली तेव्हा तिलाही मी हेच शिकवलं होतं. शाळा सुटल्यावर ती तिच्या बाईंना मोठ्यांदा "आय ॲम कमिंग" सांगून घरी आली, आणि त्या बिचाऱ्या वर्ग उघडा ठेवून तिची वाट बघत बसल्या. त्या गोष्टीवर आम्ही कितीतरी वर्षं हसत होतो.

३

पुढच्या सोमवारी मी पद्माकरांसाठी मुगाची खिचडी टाकत होते. त्यांना लसूण चालत नाही, म्हणून आलं किसून घेतलं होतं. तेवढ्यात साराचा मेसेज आला. पहिल्याच दिवशी तुम्ही सगळ्यांना जिंकलंत, तिने इंग्रजीत लिहिलं होतं. तो चिवडा तर लंचच्या आधीच संपला, त्यातले खोबऱ्याचे काप काय सुंदर होते.

चुकून मला आला, मी मनात म्हटलं. त्या जागेवर दुसरी कुणी आपल्याकडची बाई रुजू झाली असणार, आणि या लोकांना आपली नावं सगळी सारखीच. चिवड्यात खोबऱ्याचे काप काही मी एकटीच घालत नाही. तरी गॅस बारीक केला आणि कपाटातून चिवड्याचा डबा काढला. शनिवारी केलेला, गळ्यापर्यंत भरलेला. तो अर्ध्यावर आला होता.

"अहो, चिवडा खाल्लात का?" मी बाहेर जाऊन विचारलं.

"मी? एवढ्या तेलाचं?" त्यांना रागच आला. खोटं बोलताना त्यांची नजर खाली जाते. ती गेली नाही.

मी कस्तुरीला फोन लावला. "कस्तुरी, काहीतरी गोंधळ झालाय गं. मी त्या दिवशी नाही म्हटलं होतं."

"नाही म्हटला? कधी?" ती खरंच चक्रावली. "तुम्ही येते म्हटला. आणि आला ना. मी स्वतः तुमचा पासचा फोटो काढला."

"कुणाचा फोटो?"

"तुमचा." मग तिने आवाज खाली आणला. "सुलक्षणा, आर यू ओके? आत्ता तर किचनमध्ये भेटला आपण. तुम्ही चहासाठी आलं किसत होता. मला आईचा आठवण आला."

काहीतरी पुटपुटून मी फोन ठेवला आणि बोटं हुंगली. आल्याचा वास होता. असणारच, खिचडीसाठी मीच किसलं होतं. मी स्वतःला तसं दोनतीनदा बजावलंसुद्धा.

मग मी इंग्रजीत ईमेल लिहिला. मी ही नोकरी स्वीकारू शकत नाही, आभारी आहे, कळावे. इंग्रजीत नाही म्हणायला काही वाटत नाही, ती भाषा आपली कुणी लागत नाही. त्या ईमेलला उत्तर आलं नाही. खिचडी मात्र खाली लागली.

४

इंटरव्ह्यूसाठी मी काळे बूट घेतले होते. नकार दिल्यावर ते खोक्यात घालून जिन्याखाली ठेवले. बुधवारी ते पुढच्या दाराशी दिसले. ओले होते, आणि एकाच्या तळाला पिवळी पाकळी चिकटली होती.

पद्माकरांना अजून वाकता येत नाही. म्हणजे मीच काढले असणार. या वयात बायकांचं काय काय होतं, हे मी वाचलेलं आहे. गॅस चालू राहतो, नावं आठवत नाहीत, नको तेव्हा घाम फुटतो. पण घालून बाहेर गेलेलं आठवू नये? मी बूट पुसून परत खोक्यात ठेवले.

त्या संध्याकाळी मी दुधी चिरत असताना पुढचं दार वाजलं. मग पद्माकरांचा बोलण्याचा आवाज, आणि मग हसण्याचा. ऑपरेशननंतर ते हसले नव्हते. कोण आलं म्हणून हात पुसत बाहेर गेले, तर ते एकटेच. शेजारच्या स्टुलावर चहाचे दोन कप.

"चहा कुणी केला?"

"मी. का, येत नाही मला?" ते म्हणाले. लग्न झाल्यापासून या माणसाने चहाचं भांडं हातात धरलं नव्हतं. "बरं, त्या राउंडअबाउटचं अर्धवट राहिलं. तो म्हातारा सारखा गोल फिरत राहिला, मग?"

"मी कुठे काय सांगत होते?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण नजर नीट लागली नाही, चष्म्याचा नंबर बदलल्यासारखी. "दमलीस तू. दिवस कसा गेला?"

दिवस कसा गेला. हे तीन शब्द ऐकायला मी या घरात जन्म काढला. रांधलं, वाढलं, उष्टी काढली, दिवस कसा गेला हे कुणी विचारलं नाही. आता विचारलं, तर ते मला नव्हतं. मला फार राग आला.

"माझा दिवस इथेच गेला," मी म्हणाले. "तुम्हाला दुपारी वाढलं कुणी?"

"होतं की टेबलावर झाकून ठेवलेलं. तू उगाच माझी काळजी करत होतीस. राहतो मी एकटा. घर शांत असतं, छान झोप लागते." मग अगदी प्रेमाने म्हणाले, "नोकरी घेतलीस ते बरं केलंस हं."

मोठ्या ऑपरेशननंतर काही जणांना भ्रम होतो, पेशंटच्या नातेवाइकांना हे पद्माकरच समजावून सांगायचे. हळूहळू जातो, घाबरू नका, म्हणायचे. मी तेच धरून ठेवलं. पण कप उचलले तेव्हा दुसरा अजून कोमट होता. मी चव घेऊन बघितली. बिनसाखरेचा, भरपूर आल्याचा. असा या घरात मीच पिते.

जरा वेळाने मँचेस्टरहून तनिषाचा फोन आला. ती तिथे फिजिओथेरपिस्ट आहे. "आई, आज तू लंचमध्ये फोन केला ना, मला इतका छान वाटला. यू साउंड सो हॅपी. आधी तू फोनवर नुसता बाबांच्या गोळ्यांचा बोलायची."

"तनू, मी दुपारी फोन नाही केला."

"काय? आई, आवाज कट होतंय. तू बाहेर आहेस का? मी नंतर करते." तिने फोन ठेवला. मी आमच्या लँडलाइनवर, जिन्याजवळ उभी राहून बोलत होते.

५

तोंडावर जाऊन नाही म्हणायचं, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी पद्माकर अंघोळीला गेल्यावर कोट घातला. जिन्याखालचं खोकं उघडलं. रिकामं होतं. चालायचे जुने बूट घालून मी बस पकडली.

रिसेप्शनवरची बाई माझ्याकडे बघून हसली. "पास पुन्हा विसरलात?" असं म्हणून तिने मला आत सोडलं. लिफ्टमध्ये आरसा होता. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. का, ते सांगता येणार नाही.

वरच्या मजल्यावर जाड गालिचा आहे. पावलं वाजत नाहीत, नुसती कीबोर्डची टकटक. कॉरिडॉरच्या शेवटी काचेचं दार आणि पलीकडे ती खिडकी. टेबलावर माझा मग होता, बसमध्ये ठरवलेल्या जागी. खुर्चीत पाठमोरी कुणी बसली होती. मी घालते तसा अंबाडा, तनिषाने दिलेला चिमटा. सारा टेबलाला टेकून उभी होती, आणि दोघी कशावरून तरी खळखळून हसत होत्या. मी इतकी कधी हसते का, असं माझ्या मनात आलं. भीतीच्या आधी हे आलं, आणि फार लागलं.

मी काचेवर टकटक केलं.

साराने मान वर केली. सरळ माझ्याकडे बघितलं, पण तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. काचेपलीकडे नुसता कॉरिडॉर दिसावा, तशी तिची नजर माझ्यावरून पुढे गेली. खुर्चीतल्या बाईने मात्र न वळता हात वर केला.

"आलेच!" ती म्हणाली.

माझा आवाज. घरातून कुणी हाक मारली की मी जसं म्हणते तसं, जरा वैतागून, जरा लाडाने. आलेच म्हणणारी बाई कधी लगेच येत नसते, येणार हे नक्की असतं फक्त. मग खुर्ची वळायला लागली. मानेवरचे केस दिसले, गालाची कड दिसली, कानातली मोत्याची कुडी दिसली. पुढचं मी बघितलं नाही.

जिन्याने खाली पळताना मी कानाला हात लावला. त्या बाजूची कुडी नव्हती.

६

घरी आले तर किल्ली लागेना. कुलूप तेच, किल्ली तीच, पण आत जाऊन फिरायची नाही. मी बाजूच्या बोळातून मागे गेले, स्वयंपाकघराचं दार उघडंच असतं. आत ओट्यावर दुधीची भाजी होती, मी केलेली. मी पोळ्यांची कणीक भिजवली. दुसरं काय करावं ते सुचेना. हात चालू होते तोवर मी होते, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

बाहेर बसायच्या खोलीत पद्माकर रेडिओ ऐकत होते. मी हाक मारली. त्यांनी रेडिओ मोठा केला.

संध्याकाळी पुढचं दार उघडलं. किल्ली अगदी सहज फिरली.

"आले हं!"

"आलीस? बस, चहा टाकतो," पद्माकर म्हणाले, आणि पाय ओढत स्वयंपाकघरात आले. मी त्यांच्यासमोर उभी, हाताला कणीक. ते मला बघून थबकले. या वेळी त्यांना मी दिसले. त्यांचे गाल भरल्यासारखे वाटत होते, ऑपरेशनच्या आधी होते तसे.

"झालं का तुमचं?" त्यांनी विचारलं. "झालं असेल तर निघा तुम्ही. बाकीचं ही बघेल."

तुम्ही. मला बघायला आमच्या घरी आले होते तेव्हा एकदा म्हणाले होते, तुम्ही गाता का. त्यानंतर आज. आवाजात कुठे राग नाही, उर्मटपणा नाही. परक्या बाईशी बोलावं तसं अगदी सभ्य. मला वाटलं, एक थोबाडीत द्यावी. ओरडून सांगावं, तुमच्यासाठी नाही म्हटलं होतं हो मी, तुमच्यासाठी! पण घशातून आलं ते एवढंच.

"डबीतल्या रात्रीच्या गोळ्या राहिल्यात."

"देईल ती," ते म्हणाले. फळीवरून त्यांनी दोन कप घेतले, माझ्या अंगावरून हात घालून आल्याचा तुकडा उचलला, चहा करून बाहेर नेला. बाहेर स्टुलावर कप ठेवल्याचा आवाज आला, मग हसण्याचा, दोघांच्या.

मी हात धुतले. कोट अजून अंगातच होता. मागचं दार उघडलं तर पाऊस भुरभुरत होता, कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्यांवर, शेजाऱ्यांच्या कुंपणावर. सवयीने जीभ 'येते' म्हणायला वळत होती. मी ती आवरली. त्याच्या जागी आलेला शब्द माझ्या तोंडून कधी गेला नव्हता, आईने माझ्या आणि मी तनिषाच्या तोंडून कधी जाऊ दिला नव्हता.

"जाते," मी घरात बघून मुद्दाम मोठ्यांदा म्हणाले.

बाहेरच्या खोलीतलं हसणं थांबलं. कप स्टुलावर टेकला.

"जाते म्हणू नये गं," तिकडून माझा आवाज आला. तनिषाला सांगायचे त्याच सुरात, चुकणाऱ्या पोरीला समजवावं तसा. "येते म्हणावं."

मी दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहिले. फोनवर नुसती रीत म्हणून म्हटलेला एक शब्द कुणीतरी खरा धरला होता, म्हणून ती माझ्या खुर्चीत बसली होती. शब्द तोच होता. तो माझाही होता; तो खरा करून मीही परत येऊ शकत होते.

"बरं," मी म्हणाले. "येते."

या वेळी 'हं' लावलं नाही. बाहेरच्या खोलीत कप पुन्हा वाजला नाही, आणि 'ये' असंही कुणी म्हणालं नाही.